हरळीचे बारा महिने

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी आपल्या बडोद्यातील मराठी घरांतून दूर्वांची जी शोधाशोध सुरू होते, ती वाचकांना सांगावयास नको. तीन किंवा पाच पात्यांची कोवळी दूर्वा हवी, एकवीसांची जुडी हवी, आणि ती स्वच्छ जागेवरची हवी. आपले गुजराती शेजारी हिला धरो म्हणतात व भाद्रपद शुद्ध अष्टमीला तिच्या नावाने धरो आठम पाळतात. देवाला प्रिय असलेली हीच दूर्वा शेतात उगवली की मात्र तिचे नाव हरळी होते आणि शेतकरी तिच्या जिवावर उठतो.

माझे आजोळ कृष्णाकाठचे. मे महिन्याच्या सुटीत आम्ही दोघे भाऊ बडोद्याहून तिकडे जात असू, तेव्हा मामांची नांगरट नुकतीच उरकलेली असे. तापलेल्या ढेकळांतून हरळीच्या काशा वेचणे हे आम्हा मुलांचे काम. पांढुरक्या, पेरापेरांच्या, टोकाशी सुईसारख्या टणक अशा त्या काशा ओढता ओढता हाताची कातडी सोलली जाई. "एक पेर मागे राहिले तरी पावसाळ्यात सारे वावर तिचे," असे मामा बजावीत. बांधावर काशांचा ढीग वाळत पडे आणि एका संध्याकाळी तो पेटविला जाई. त्या जाळाभोवती उभे राहताना आपण एखाद्या शत्रूचा निःपात केला असे आम्हांस वाटे.

हे सारे आठवावयास कारण घडले ते माझ्या पुतण्याचे. काही वर्षांपूर्वी त्याने कृषी विषयाची पदवी घेतली. तो बँकेची किंवा सरकारी खात्याची परीक्षा देईल, अशी माझ्या धाकट्या भावाची अपेक्षा होती. चिरंजीवांनी मात्र गुजरातेतीलच एका गोल्फच्या मैदानावर हिरवळीची देखभाल करण्याची नोकरी पत्करली. भावाने दोन दिवस अन्न गोड मानले नाही. "ज्या हरळीच्या काशा आपण वेचून जाळल्या, ती वाढवायला हा पगार घेणार!" हे त्याचे उद्गार. मीही त्या वेळी हसलो आणि त्याच्या हसण्या-रागावण्यात भर घातली, हे येथे कबूल करतो. पुढे वर्षभरात मी त्या मैदानावर चार-पाच वेळा गेलो. त्या फेऱ्यांत जे पाहिले व जे ऐकले, ते या महिन्याच्या लेखांकात मांडीत आहे.

गोल्फ हा खेळ आपल्याला वाटतो तितका परका नाही. ब्रिटिश बेटांबाहेरचा पहिला गोल्फ क्लब निघाला तो आपल्या देशात, कलकत्त्यास, १८२९ साली. मुंबईत तो १८४२ मध्ये आला. आपल्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात १९३० च्या दशकात प्रतापसिंहराव गायकवाड यांनी युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान करविले. पुढे १९९० च्या दशकात समरजितसिंह गायकवाड यांनी त्याचे नूतनीकरण करून ते लोकांना खुले केले. राजवाडा पाहावयास येणारे पाहुणे त्या हिरवळीकडे पाहून "किती छान" म्हणतात आणि पुढे जातात. ती हिरवळ बाराही महिने कोणाच्या तरी डोळ्यांत तेल घालून केलेल्या राखणीने टिकते, हा विचार मलाही सत्तरी गाठेपर्यंत शिवला नव्हता.

मैदानावरचे सारे गवत एका मापाचे नसते. चेंडू जेथे हलकेच ढकलून खळग्यात पाडावयाचा, ती जागा म्हणजे ग्रीन. तेथील गवत अवघे तीन-चार मिलिमीटर उंच, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या लांबीहूनही आखूड. मधल्या रुंद पट्ट्यास फेअरवे म्हणतात. तेथे ते एक-दीड सेंटिमीटर असते. कडेला वाढू दिलेले, चेंडू अडविणारे गवत म्हणजे रफ. पूर्वी आपल्याकडील कित्येक मैदानांवर ग्रीनच्या जागी गवत नसेच. तेल मिसळलेली वाळू पसरून ती झाडून सारखी करीत, व तिला 'ब्राउन' म्हणत. तीन मिलिमीटरवर जिवंत राहील असे गवत उष्ण प्रदेशात मिळणे कठीण होते, हे त्याचे एक कारण.

हे गवत मिळाले ते आपल्या हरळीच्याच कुळातून. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचे गाव आहे. तेथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाच्या संशोधनातून सामान्य हरळी आणि तिची आफ्रिकेतील एक बारीक पात्याची बहीण यांच्या संकराचे वाण निघाले. १९५६ साली 'टिफग्रीन' आले आणि १९६५ साली त्याहून ठेंगणे 'टिफड्वार्फ'. उष्ण प्रदेशांतील असंख्य ग्रीन या घराण्याने व्यापल्या. या संकरित हरळीला बी धरत नाही. तिची लागण करावयाची ती तिच्या तुकड्यांनीच. पुतण्याने हे सांगितले तेव्हा मी विचारले, "तुकड्यांनी म्हणजे?" तो म्हणाला, "काका, काशांनी." मी गप्प बसलो.

पहिली फेरी झाली ती श्रावणात. पावसाळा म्हणजे गवताचे माहेरपण, त्या दिवसांत माळ्याला काय काम असणार, अशी माझी समजूत होती. वस्तुस्थिती अगदी उलट निघाली. हरळी ही उन्हाची लेक आहे. सत्तावीस ते पस्तीस अंश तापमान आणि दिवसातून सहा-आठ तास लखलखीत ऊन मिळाले की ती फोफावते. आठ-आठ दिवस आभाळ भरून राहिले की जमिनीत पाणी मुबलक, परंतु पात्याला अन्न तयार करण्यास प्रकाश नाही, अशी तिची ओढाताण होते. पाते दुबळे होते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी साधून घेते. हिरवळीवर रुपयाएवढे वाळकट ठिपके दिसू लागतात, मोकळ्या जागी शेवाळ धरते. म्हणून या दिवसांत कापणीची उंची किंचित वाढवितात. अधिक पाते म्हणजे थोडक्या उन्हातही अधिक अन्न.

ग्रीनच्या पोटात काय असते, हेही तेव्हाच पाहिले. वर सुमारे एक फूट मुख्यत्वे वाळूचा थर, त्याखाली चार इंच खडी आणि त्याखाली पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० साली ही रचना प्रसिद्ध केली व ती जगभर पसरली. मुसळधार पाऊस थांबल्यावर तासाभरात या वाळूतून पाणी उतरून जाते. काळ्या मातीवर तेच पाणी चार दिवस तुंबले असते.

पहिल्या पावसाबरोबर आणखी एक पाहुणा येतो. संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर जमतात, मग मातीत अंडी घालतात, आणि त्यांच्या अळ्या गवताची मुळे कुरतडतात. वरून पाहावे तर हिरवळ नुसती मलूल दिसते. ओढून पाहावी तर सतरंजीसारखी गुंडाळली जाते. कावळे व साळुंक्या एखाद्या जागी सारख्या चोची मारू लागल्या की म्हातारा माळी तेथे सुरी घेऊन धावतो. लव्हाळ्याची कथा वेगळी. वरून उपटला तर खालच्या गाठी जागच्या जागी राहतात व दुप्पट जोमाने फुटतात. तो गाठीसकट खणावा लागतो. हे सारे ऐकताना मला मामांचीच शेती आठवत होती. वैरी तेच, राखावयाचे पीक तेवढे बदललेले.

दुसरी फेरी दिवाळीनंतरची. पाऊस सरून ऊन पडले होते, हवा कोरडी झाली होती, आणि मैदान असे हिरवेगार की भावजयीलाही आणावयास हवे होते असे वाटले. पुतण्या मात्र हिशेबात गढलेला. "काका, आता जे देईन ते थंडीसाठी," तो म्हणाला. आश्विन-कार्तिकात नत्र आवरते घ्यावयाचे आणि पालाशकडे लक्ष पुरवावयाचे. नत्राने पाते लुसलुशीत वाढते, पण तसे पाते थंडीचा मार सोसत नाही. मुलांना थंडीआधी अंगात काही भरीव साठावे म्हणून आपण खाऊपिऊ घालतो, तसाच हा प्रकार.

पौषातल्या फेरीत मी मुद्दाम पहाटे गेलो. गवतावर दवाचे जाळे पसरलेले, आणि दोन माळी लांब बांबूच्या लवचीक काठ्या ग्रीनवरून अर्धवर्तुळाकार फिरवीत चाललेले. दव झाडणे ही त्यांची पहिली पूजा. पात्यावर पाणी जितके तास टिकेल तितकी बुरशीला सवड मिळते. आपल्याकडे थंडी माफक; तरीही रात्री बोचऱ्या झाल्या की हरळीची वाढ मंदावते आणि हिरवा रंग फिका पडतो. दिल्ली-चंडीगढकडे ती पार तपकिरी होऊन निजते, व तेथे काही ठिकाणी तिच्या अंगावर राय नावाच्या थंडीतल्या गवताचे बी पेरून चार महिन्यांपुरती हिरवी शाल पांघरतात. गुलमर्गचे मैदान तर हिवाळ्यात बर्फाखालीच जाते. निजलेल्या गवताला पाणी व खत घालून उठविण्याचा प्रयत्न करू नये. ते मेलेले नसते, त्याचे प्राण काशांत असतात. मामा हे जाणून होते, म्हणूनच ते वरचे गवत कापून समाधान मानीत नसत.

कापणीविषयी त्या सकाळी बरेच ऐकले. गवत कापण्याचे यंत्र प्रथम १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने बनविले, ते कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या यंत्रावरून. आजही ग्रीनवर त्याच जातीचे यंत्र चालते: फिरत्या दंडगोलावरील तिरकी पाती आणि खाली एक स्थिर पाते, म्हणजे कात्रीच. धार बोथट असली की पाते कापले न जाता फाटते आणि दुसऱ्या दिवशी हिरवळीच्या टोकांवर पांढुरकी झाक येते. आणि सर्वांत मोठा नियम असा की, एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कधीही कापू नये. पाते ही गवताची चूल. चूल मोडली की मुळांना उपवास घडतो.

हा नियम मला ज्याने शिकविला, त्याच्याच हातून तो पुढे मोडला.

वैशाखात त्या मैदानावर एक स्पर्धा ठरली होती. ग्रीनवर चेंडू झरझर धावला पाहिजे, अशी खेळणाऱ्यांची मागणी आली. ग्रीनचा वेग मोजण्यास एक साधी पन्हळीसारखी पट्टी असते. तिची कल्पना एडवर्ड स्टिम्पसन याने १९३५ साली काढली. तिच्यावरून चेंडू सोडून तो किती फूट घरंगळतो ते पाहतात. आकडा वाढावा म्हणून वरून तगादा लागला. नवख्या नोकराला नाही म्हणणे जड गेले. चार मिलिमीटरची कापणी दोन दिवसांत अडीचवर आणली, रूळ फिरविला आणि पृष्ठभाग टणक राहावा म्हणून पाणी तोडले. म्हाताऱ्या माळ्याने एकदा हटकले होते. त्याकडे दुर्लक्ष झाले. त्याच रात्री पंपाची मोटर जळाली. दुसऱ्या दिवशी बेचाळीस अंशांचे ऊन आणि झळांचा वारा. दुपारी गवत निळसर राखी दिसू लागले, चालणाऱ्याच्या पावलांचे ठसे उमटून तसेच राहू लागले. गवत तहानेने व्याकूळ झाल्याची ही खूण. मोटर दुरुस्त होईपर्यंत उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी त्या ग्रीनचा तिसरा हिस्सा गव्हाच्या काडासारखा पिवळा पडला.

स्पर्धा झाली, लोक गेले, आणि आमचा पुतण्या राजीनाम्याचा कागद खिशात घालून बडोद्यास आला. भाऊ काही बोलला नाही, पण "मी म्हणत नव्हतो?" हे त्याच्या चेहऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते. रात्री ओसरीवर मुलगा माझ्यापाशी बसला. "काका, पाण्याचा दोष अर्धाच. मी नियम मोडला. माळीकाकांनी सांगितले होते." दुसऱ्यावर ढकलण्याची सोय असताना त्याने ती घेतली नाही, एवढे माझ्या ध्यानात राहिले. मी त्याला मामांचे वाक्य सांगितले: एक पेर मागे राहिले तरी सारे वावर तिचे. तो कागद दुसऱ्या दिवशी त्याच्या खिशातच राहिला.

ज्येष्ठाच्या अखेरीस पहिला पाऊस झाला आणि मी, भावाला न सांगता, तिकडे गेलो. मेलेला भाग खरवडून काढला होता. प्रत्येक जाणत्या मैदानाच्या कोपऱ्यात त्याच वाणाची एक रोपवाटिका राखलेली असते. तेथून गवत उपटून, त्याच्या दोन-तीन पेरांच्या काशा करून गोणपाटाखाली ओल्या ठेवल्या होत्या. त्या पसरावयाच्या, वर वाळूचा पातळ थर द्यावयाचा, हलका रूळ फिरवावयाचा आणि पहिले दहा-पंधरा दिवस पृष्ठभाग क्षणभरही सुकू द्यावयाचा नाही. उरलेल्या भागात पोकळ खिळ्यांच्या यंत्राने बोटाएवढी छिद्रे पाडून मातीच्या वाती बाहेर काढल्या होत्या आणि छिद्रांत वाळू भरली होती. मुळांना हवा मिळते, वाळकी गादी मोडते. हे काम गवत वाढीच्या भरात असतानाच करावयाचे, म्हणजे जखम चटकन भरते. माझ्या हातात काशांची पाटी होती. साठ वर्षांपूर्वी ज्या वेचून जाळल्या त्याच मी मुठीमुठीने पेरीत होतो. म्हातारा माळी माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, तुमचा हात सरावाचा दिसतो." मी त्याला खरे कारण सांगितले नाही.

त्याच माळ्याने पुतण्याला आणखी एक गोष्ट शिकविली होती, ती म्हणजे विश्रांतीची. ग्रीनवरचा खळगा रोज जागा बदलतो, तो केवळ खेळात गंमत यावी म्हणून नव्हे. पावलांचा भार एकाच जागी पडू नये म्हणून. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान या खेळाचे माहेर मानतात. तेथे टॉम मॉरिस याने १८६० च्या दशकापासून कित्येक वर्षे राखण केली आणि वाळूचा थर देण्याची रीत रुजविली. ते मैदान आजही एरवी रविवारी खेळास बंद असते. ज्या भूमीवरून जगाने हा खेळ उचलला, तिला आठवड्याचा एक दिवस विसावा मिळतो. आमच्या पुतण्याच्या त्या ग्रीनला मात्र तीन महिने सक्तीची रजा मिळाली, कारण वेळेवर तीन दिवसांची दिली नव्हती.

पाण्याचा प्रश्न मी टाळणार नाही. तो अनेक वाचकांच्या मनात आला असेल. एक हेक्टर जागेवर पाच मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हणजे पन्नास हजार लिटर. पंचवीस हेक्टर हिरवळ भिजवावयाची झाली तर एका दिवसाचे साडेबारा लाख. उन्हाळ्यात आपल्या नळाची धार करंगळीएवढी होते, तेव्हा हा आकडा बोचल्यावाचून राहत नाही. म्हणूनच आज अनेक मैदानांवर शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरतात. पुतण्यानेही दुसऱ्या वर्षापासून ज्या कडांवर चेंडू क्वचितच जातो तेथे उन्हाळी पाणी देणे थांबविले. त्या वैशाखात पिवळ्या पडल्या, आषाढात आपोआप हिरव्या झाल्या. बाराही महिने सर्वत्र हिरवे दिसलेच पाहिजे, हा हट्ट माणसाचा आहे, हरळीचा नव्हे.

ज्यांच्या दारापुढे चार हात हिरवळ आहे अशा वाचकांसाठी पुतण्याने सांगितलेल्या काही गोष्टी येथे देतो. घरची साधी हरळी तीन-चार सेंटिमीटरवर राखावी. गोल्फच्या मापाचा मोह धरू नये. ओले गवत कापू नये. पाणी पहाटे द्यावे, संध्याकाळी नको. आणि रोज शिंपडण्यापेक्षा उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा असे द्यावे की एखादा पेचकस चार-पाच बोटे सहज आत जाईल. वाळूमिश्रित शेणखताचा पातळ थर पावसाळ्याच्या तोंडी द्यावा, पाती झाकून जातील इतका जाड नको. आंब्याच्या दाट सावलीत हरळी वाढत नाही. तेथे वर्षानुवर्षे तिच्याशी भांडण्यापेक्षा दुसरे काही लावावे. माझ्या अंगणातली पंधरा बाय वीस फुटांची हिरवळ रोज संध्याकाळच्या पाण्याने व अतिप्रेमाने मरत होती. ती सुधारली.

गेल्या गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी भावाने प्रथमच त्या मैदानावर पाऊल टाकले. काशा पेरलेली ती ग्रीन एव्हाना अशी मिळून आली होती की जुने कोठे संपते व नवे कोठे सुरू होते हे मला दाखविता येईना. भाऊ खाली वाकला, त्याने तळहात गवतावरून फिरविला, आणि बऱ्याच वेळाने विचारले, "हिला काशा किती खोल?" मुलगा उत्तर देऊ लागला. बापलेकांत गेल्या दोन वर्षांत झालेले ते पहिले लांबलचक बोलणे.

परतताना कुंपणाकडच्या बाजूने, जेथे ना फवारणी होते ना यंत्र फिरते, तेथे साधी हरळी गुडघाभर माजली होती. मुलाने तिच्यातून निवडून निवडून एकवीस दूर्वांची जुडी बांधली व वडिलांच्या हाती दिली. भावाने ती रुमालात गुंडाळून ओली केली आणि गाडीत सबंध वाटभर मांडीवर धरून ठेवली.